कीव, करुणा आणि एक पत्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



‘इंग्रजीतील जवळच्या शब्दांमधील अर्थभेद’ असा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापला आहे. आम्ही कोणी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. उभे आयुष्य कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिण्यात गेले, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही त्या वेळच्या कलकत्त्यात होतो. आमच्या एका बंगाली वरिष्ठांचा धाकटा भाऊ अकाली गेला. त्यांना मराठी येत नव्हते, आम्हांस बंगाली येत नव्हती. परप्रांतात शेजाऱ्याच्या दुःखात सहभागी व्हायचे तरी इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. आम्ही कोश उघडून बसलो. ‘सिंपथी’ हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेला वाटला. म्हणून ‘दया’ या अर्थी ‘पिटी’ निवडला आणि ‘आपल्याविषयी आम्हांस पिटी वाटते’ असे लिहून मोकळे झालो. पुढे कित्येक दिवस ते गृहस्थ आमच्याशी कामापुरतेच बोलत. अखेर एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, “अहो, तुम्ही त्यांची कीव केलीत!”

या ‘पिटी’चे कूळ मात्र मोठे आहे. लॅटिनमध्ये ‘पिएतास’ म्हणजे देव, मातापिता आणि मायभूमी यांच्याविषयीची कर्तव्यनिष्ठा. हाच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे दोन शब्द झाले. ‘पायटी’ म्हणजे धर्मनिष्ठा आणि ‘पिटी’ म्हणजे दुःखिताविषयीचा कळवळा. आरंभी दोहोंचे अर्थ एकमेकांत मिसळलेले होते. पुढे वाटा फुटल्या. बहिणी सख्ख्या, पण एक देवळात राहिली आणि दुसरी रस्त्यावर आली. कळवळा वरून खाली पाहणाऱ्याचा असला की त्यात तुच्छतेचा अंश हळूच शिरतो. ‘पिटी’चे तसेच झाले, आणि आपल्या ‘कीव’ या शब्दाचेही.

‘सिंपथी’ मूळची ग्रीक, ‘कंपॅशन’ लॅटिन. दोहोंची फोड एकच : ‘सह’ आणि ‘सोसणे’. फोड एक, तरी अर्थ एक नाही. ‘सिंपथी’ शेजारी येऊन उभी राहते. शोकपत्रात तिचे तेवढेच काम असते. ‘कंपॅशन’ला काही केल्यावाचून स्वस्थ बसवत नाही. नोकरीत असता कर्मचारी मृत्यू पावला तर त्याच्या वारसास मिळणाऱ्या नेमणुकीस सरकारी इंग्रजीत ‘कंपॅशनेट अपॉइंटमेंट’ म्हणतात, ते याचमुळे. मराठीत ती ‘अनुकंपा तत्त्वावरील’ नेमणूक. कचेरीच्या रुक्ष कागदावर हा शब्द कोणी आणला असेल, त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. दुसरा हादरला की त्याच्यामागोमाग आपणही थरथरावे, ही अनुकंपा!

‘एम्पथी’ हा शब्द अगदी अलीकडचा. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात तो शोधू नये; तेव्हा तो जन्मलाच नव्हता. चित्र किंवा शिल्प पाहताना रसिक स्वतः त्यात शिरतो, या अनुभवाला जर्मन कलाचिंतकांनी ‘आइनफ्यूलुंग’ म्हटले. त्यासाठी टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली ‘एम्पथी’ घडविला. चित्रापासून माणसापर्यंत तो पुढे आला. दुसऱ्याच्या मनात शिरून पाहणे हा त्याचा अर्थ. पण शिरणारा हळहळेलच, असा त्यात काही करार नाही. हल्ली ‘सिंपथी’ हलकी आणि ‘एम्पथी’ थोर असे सर्रास सांगितले जाते, ते आम्हांस पटत नाही. चांगला ठकही समोरच्याचे मन ओळखतोच की!

सांगायचे ते असे, की अशा शब्दांत बोलणारा कोठे उभा आहे, वर, शेजारी की आत, ते आधी पाहावे लागते. ‘चाइल्डलाइक’ म्हणणारा मुलाकडे कौतुकाने पाहतो, ‘चाइल्डिश’ म्हणणारा कपाळाला आठ्या घालतो. आपल्याकडेही ‘बालसुलभ’ आणि ‘बालिश’ आहेतच. ज्यांना हा भेद मराठीत कळतो त्यांना तो इंग्रजीत वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्या मुलांचे मराठी सुटू नये, असे आम्ही म्हणतो त्यात हाही एक स्वार्थ आहे.

आता एक सावधगिरीची सूचना, विवाहेच्छू मुलींच्या पालकांसाठी. आपण जाहिरातीत ‘होमली’ लिहितो ते ‘घरंदाज, घरकामात तरबेज’ अशा अर्थाने. इंग्लंडात तो शब्द साधेपणाचा आणि उबेचा. अमेरिकेत मात्र ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताची! तिकडच्या स्थळास माहिती धाडताना तेवढा शब्द गाळावा.

त्या वरिष्ठांना आम्ही पुढे दुसरे पत्र लिहिले. त्यात वर सांगितलेल्यांपैकी एकही शब्द घातला नाही. त्यांच्या भावास आम्ही एकदाच, कचेरीच्या क्रिकेट सामन्यात, पाहिले होते. त्या दुपारी तो कसा खेळला, एवढेच चार ओळींत लिहिले. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि चपराशास दोन चहा आणावयास सांगितले.