जास्वंदीवरचे पांढरे ठिपके
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा हिशेब सांगायला अध्यक्ष आहेत, आठवणी सांगायला जुने सभासद आहेत. मला सचिव म्हणाले, "काका, तुम्ही तुमच्या किड्यांवर बोला." म्हणून उभा आहे.

निवृत्तीनंतर मला हा नाद लागला. सकाळी दूध आणताना कंपाउंडच्या भिंतीपाशी मी मोबाईल घेऊन उकिडवा बसतो, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. पहिल्यांदा वॉचमन धावत आला होता, "काका, काय हुडकायलात? चावी पडली काय?" मी म्हटलं, "नाही रे, मुंगळा बघायलोय." त्यानं संध्याकाळी घरी येऊन 'काकांची तब्येत बरी हाय ना' अशी चौकशी केली!

पण या नादाची सुरुवात एका चुकीतून झाली, आणि ती आज इथं कबूल करायची आहे.

गेटजवळची जास्वंद आठवते ना? गणपतीत निम्म्या सोसायटीच्या देवांना तिची फुलं जायची. एका वर्षी तिच्यावर पांढरे ठिपके आले, कापसाच्या बोळ्यासारखे. पिठ्या ढेकूण. सभेत मीच आग्रह धरला की फवारणी करा. फवारणीवाल्याला दाखवायला म्हणून मोबाईलवर चार फोटो काढले. फवारणी झाली, विषय संपला.

पुढे एकदा कृषी खात्यातला माझा भाचा आला होता. त्यानं तेच फोटो मोठे करून बघितले आणि म्हणाला, "मामा, यातले सगळे ढेकूण नाहीत. हे दोन-तीन ढालकिड्याचे बाळ आहेत. तुमचे राखणदार होते हे." ढालकिड्याच्या काही जातींच्या अळ्यांवर पांढरं मेणचट आवरण असतं. वरवर बघितलं तर हुबेहूब पिठ्या ढेकूण! पण त्या खातात पिठ्या ढेकणालाच. ढेकूण एका जागी चिकटून रस शोषत असतो, अळी तुरुतुरु चालते. दोन मिनिटं उभं राहून बघितलं असतं, तर मलाही कळलं असतं. मी फोटो काढले, पण बघितलं नाही.

महिन्याभरात ढेकूण परत आले, पहिल्यापेक्षा जास्त. त्यांची अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, अंगावर मेण असतं; औषध आत पोचत नाही. राखणदार मात्र गेले होते. शेवटी जास्वंद गुडघ्यापर्यंत छाटावी लागली. त्या वर्षी गणपतीला फुलं विकत आणली, ती माझ्यामुळे.

आपण शेतीच्या जिल्ह्यातली माणसं. किडा म्हटलं की आपल्याला बोंडअळी आठवते, उंटअळी आठवते. ते बरोबरच आहे, घरोघरी नुकसान सोसलंय. पण त्याच कपाशीत ढालकिडा आणि क्रायसोपा मावा खातात. आपल्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला जाणाऱ्यांना ट्रायकोकार्डही माहीत असेल. त्यातली डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशीची जात बोंडअळीच्या अंड्यातच आपली अंडी घालते. किड्याचा बंदोबस्त किडाच करतो.

हे शास्त्रज्ञांचं काम, आपण काय करणार, असं कुणी म्हणेल. तर एक उदाहरण सांगतो. एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन नावाचे गृहस्थ 1851 साली आपल्या साताऱ्यात जन्मले. नोकरी मीठ आणि जकात खात्यात. बंगल्याच्या अवतीभवतीचे मुंग्या, किडे, पाली, उंदीर बघून त्यांनी 1883 मध्ये 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे गमतीदार पुस्तक काढलं. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. म्हणजे मिठाच्या खात्यातला माणूस हे करू शकतो, तर आपण का नाही?

आणि लांब जायला नको. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असू शकते. कुणी खाऊ नये म्हणून तिनं घेतलेलं सोंग. थोडी मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. जिन्यातलं कुंभारणीचं मातीचं घर खराट्यानं पाडायच्या आधी लक्षात घ्या, तिनं आत अळ्या बेशुद्ध करून पिल्लांसाठी शिदोरी भरून ठेवलेली असते. पावसाळ्यात पार्किंगच्या ट्यूबलाइटपाशी रोज नवे पतंग येतात.

मुलांनो, महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी लवकर या. परभणीची डिसेंबरातली थंडी तुम्हाला माहीत आहे. तेव्हा किडेही गारठून गप बसलेले असतात, पळत नाहीत. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. वरून एक, बाजूनं एक आणि ज्या झाडावर बसलाय त्याचा एक, असे तीन फोटो काढा. झाडावरून निम्मी ओळख पटते. वहीत तारीख लिहा. हात लावू नका. केसाळ अळीला तर मुळीच नाही.

डासांची बाजू मी घेत नाही. कूलर आणि टाकी आठवड्याला कोरडी झालीच पाहिजे, त्यात तडजोड नको.

समितीला दोनच विनंत्या करतो. झाडावर फवारणीची तक्रार आली की आधी चार दिवस द्यावेत. आम्ही फोटो काढून दाखवू, मग निर्णय घ्या. आणि मागच्या भिंतीलगतची रुई 'कचरा' म्हणून उपटू नये. तिच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचीच ती केशरी-काळी फुलपाखरं होतात.

जास्वंद आता परत खांद्याएवढी झाली आहे. परवा तिच्यावर पुन्हा दोन पांढरे ठिपके दिसले. मी अर्धा तास बसून राहिलो. त्यातला एक चालायला लागला.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता गेटजवळ या. तो अजून तिथंच आहे.