झोपू दे, सकाळी उतरेल

व्यसनावरचं व्याख्यान म्हटलं की वक्ता दुष्परिणाम सांगतो, पालक माना डोलावतात आणि मागच्या रांगेतली मुलं मोबाइल काढतात. पिऊ नये, हे माझंही मत आहे. पण तेवढंच सांगून मी खाली बसलो, तर आज रात्री एखाद्या फ्लॅटवर जी मुलं ‘बसणार’ आहेत, त्यांच्या हाती काहीच लागणार नाही. मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

आधी हिशेब. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीत, रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम, क्वार्टरमध्ये 60. यकृत तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम निपटतं आणि त्याला घाई करता येत नाही. लिंबू, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस फार तर जागा होतो. रक्तातली दारू तेवढीच राहते. बाराच्या सुमारास गटागट संपवलेली क्वार्टर सकाळी सहालाही अनेकदा पुरती उतरलेली नसते, आणि साडेसातच्या प्रॅक्टिकलला हाच मुलगा बाइकला किक मारतो. कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम.

यापेक्षा मोठा धोका खोलीत असतो. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. म्हणजे जो आडवा झाला आहे, त्याची नशा अजून चढत असू शकते. अशा वेळी मित्र म्हणतात, ‘झोपू दे, सकाळी उतरेल.’ उताणा झोपलेला मुलगा ओकतो, ओकारी श्वासनलिकेत जाते, आणि बाहेर सगळे पत्ते खेळत असतात. हाका मारून, हलवून तो उठत नसेल, श्वास मिनिटाला आठाहून कमी असतील किंवा मध्येच थांबत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर ती झोप नव्हे. त्याला कुशीवर वळवा, एकटा सोडू नका, मुद्दाम ओकायला लावू नका आणि 108 ला फोन करा.

हा फोन होत नाही, कारण सगळे घाबरलेले असतात. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25. कॉलेजातली बहुतेक मुलं त्यात बसत नाहीत. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण चोरून पिणारा भराभर पितो आणि दार आतून लावून घेतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

आता पावडरीकडे. 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा चर्चा गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची होती. आज एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची आहे. तिचा मोठा साठा 2024 मध्ये पुण्याजवळच्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सापडला. पुडीत नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एमडीमुळे दारू चढल्याचं जाणवत नाही, म्हणून आणखी प्यायली जाते. झोपेच्या गोळ्यांचं उलट: त्या आणि दारू मिळून श्वासच मंदावतात. दवाखान्यात काय घेतलं, किती, कधी, हे खरं सांगा. डॉक्टर उपचार त्यावरूनच ठरवतात. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64-अ फार कुणाला माहीत नसतं: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, 14446.

पालकहो, रात्री दोनला फोन आला तर ‘कुणाबरोबर होतास?’ हा प्रश्न सकाळपर्यंत ठेवा. पहिला प्रश्न, श्वास नीट चालू आहे का? आणि इथे वसतिगृहांचे जे रेक्टर बसले आहेत, त्यांना विनंती: ‘मित्राला दवाखान्यात नेणाऱ्यावर कारवाई होणार नाही’ एवढी एक ओळ जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच सूचनाफलकावर लावा, खाली सही करून.