सुकाणू, तेल आणि होकायंत्र : दोषशोधनाचा क्रम



भिलाईपासून समुद्र दूर असला, तरी भिलाईचे पोलाद समुद्रावर वावरते. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रान्त’ या विमानवाहू नौकेसाठी लागलेले खास पोलादी पत्रे भिलाई, बोकारो व राउरकेला येथील कारखान्यांनी पुरविले. पत्रे लाटणाऱ्या गिरणीत तेलाच्या दाबाने अवजड भाग हलविले जातात. अनेक लहानमोठ्या नौकांचे सुकाणूही त्याच तत्त्वावर वळते. तेव्हा नौकेच्या सुकाणूचे दुखणे येथील तंत्रज्ञांस परके वाटण्याचे कारण नाही.

रचना साधी आहे. चक्र फिरविले की त्यास जोडलेला लहान पंप तेल ढकलतो. ते नळीवाटे सिलिंडरात जाते, दट्ट्या सरकतो आणि सुकाणू वळते. स्वयंचालक जोडला म्हणजे हाताच्या जागी विजेवर चालणारा दुसरा पंप काम करू लागतो. होकायंत्र नौकेची दिशा सांगते, सुकाणूवरील संवेदक त्याचा कोन सांगतो आणि नियंत्रक त्यांवरून पंपास आज्ञा देतो. १९२२ साली निकोलस मिनॉर्स्की यांनी या नियंत्रणाचे गणित मांडले. कुशल खलाशी नौका किती ढळली एवढेच पाहत नाही. ती किती वेगाने ढळत आहे आणि ढळणे किती काळ साचत आले आहे, हेही तो जाणतो. हीच तीन अंगे आज कारखान्यांतील भट्ट्यांच्या तापमान-नियंत्रणातही आढळतात.

नौका नागमोडी जाऊ लागली की दोष नियंत्रकाच्या माथी मारण्याची घाई होते. वास्तविक शोध खालून वर, म्हणजे सुकाणूपासून होकायंत्राकडे न्यावा.

प्रथम स्वयंचालक बंद करून चक्र हाताने फिरवावे. ते लिबलिबीत लागले, किंवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्वीपेक्षा अधिक फेरे घेऊ लागले, तर तेलात हवा शिरली आहे असा संशय घ्यावा. तेल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही; हवा मात्र आकसते, आणि हाताचा जोर तिलाच दाबण्यात खर्ची पडतो. अशा वेळी सर्वांत उंचावरील टाकीत तेल भरीत, बुडबुडे थांबेपर्यंत चक्र सावकाश फिरवावे. हवा पुन्हा शिरली, तर कोठेतरी गळती आहे. दट्ट्याच्या दांड्यावरून कोरडे फडके फिरविल्यास बारीक गळतीही दिसते.

हाताने सर्व ठीक चालत असेल, तर विजेच्या पंपाने सुकाणू वळवून पाहावे. सुकाणू वळण्याऐवजी चक्रच फिरू लागले, तर तेलास परत न येऊ देणारी झडप नीट मिटत नाही. पंप मध्येच थांबत असेल, तर विजेचा दाब पंप चालू असतानाच मोजावा. गंजलेल्या जोडातील उणीव पंप थांबला असताना दिसत नाही.

पंपही निर्दोष ठरला, तरच संवेदकाचा सैल सांधा आणि होकायंत्र तपासावे. होकायंत्राशेजारी ठेवलेली लोखंडी पेटी किंवा ध्वनिवर्धकातील चुंबक सबंध यंत्रणेची दिशाभूल करू शकतो.

हा क्रम का पाळावा, हे ‘तारिणी’ने दाखविले. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ रोजी या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा आरंभिली. परतीच्या टप्प्यात हिंदी महासागरात सुकाणूची यंत्रणा मोडली आणि एप्रिल २०१८ मध्ये नौकेस मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जावे लागले. दुरुस्तीनंतर २१ मे २०१८ रोजी ती गोव्यास पोहोचली.

कारखान्यात यंत्र बिघडले तर ते थांबविता येते. समुद्रावर वारा आणि लाटा कोणासाठी थांबत नाहीत; दोष शोधत असतानाही नौकेचे तोंड सावरावेच लागते. म्हणून किनारा सोडण्यापूर्वी आपत्कालीन हातदांडा प्रत्यक्ष बसवून पाहावा, चक्राचे फेरे मोजून नोंदवहीत लिहावेत आणि सुटे तेल बरोबर घ्यावे. निरोगी यंत्राची नोंद हाती असेल, तरच बिघडलेल्या यंत्राची परीक्षा होते.