माल गोदामात, पैसा हातात

पुण्यात स्वारगेटला एसटीतून उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलात, तर तिथेच राज्य कृषी पणन मंडळाचं मुख्यालय आहे. पीककर्जाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज बोलू या मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेबद्दल. ती 1990-91 पासून सुरू आहे, पण तिचा गाजावाजा व्हावा तेवढा झालेला नाही, असं मला वाटतं.

अडचण जुनीच. सोयाबीन घरात येतं आणि नेमके तेव्हाच भाव पडतात. सोसायटीचं देणं, मजुरी, रब्बीचं बियाणं मात्र थांबत नाही. मग छोटा शेतकरी मिळेल त्या भावात पोती विकून मोकळा होतो. त्याऐवजी माल बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवता येतो. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्यासाठी बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी, त्यानुसार होणाऱ्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. मुदत 180 दिवस, व्याज वर्षाला 6 टक्के. माल स्वतःच्या शेतातलाच हवा, व्यापाऱ्याचा चालत नाही.

खोच एवढीच, की तुमची बाजार समिती योजनेत असायला हवी. शिवाय चार पोत्यांसाठी तालुक्यापर्यंत टेम्पो परवडत नाही. दोघातिघांनी मिळून केला तर भाडं विभागतं. भाव चढेलच असंही नाही, व्याज मात्र चढतंच. म्हणून आधी समितीत जाऊन विचारा: कोणता माल घेता, पैसे कधी मिळतील आणि सातबाऱ्यासोबत आणखी कोणते कागद आणू?