समुद्राकाठी बिऱ्हाड, हातात कुंचला



सुट्टीत समुद्रावर जायचंय?
मग या वेळी हॉटेल नको.
वेंगुर्ल्याला स्वयंपाकघर असलेलं एखादं घर भाड्यानं घ्या.

सकाळी बंदरावरून ताजे बांगडे आणा.
नारळ, कोकमं बाजारात मिळतात.
रांधा, जेवा, निवांत राहा.

आणि मोकळ्या वेळात…
एक कला शिका.

जवळच सावंतवाडी आहे.
तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा घडतात.
गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते.
दशावतारी गंजिफेत दहा अवतार.
प्रत्येक अवताराची बारा पानं.

ही कला लोपत चालली होती.
सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती जगवली.
त्यांचे उपकार मोठे आहेत.

पान नुसतं पाहून कळत नाही.
चिंचोक्याची खळ लावायची.
पान घोटून गुळगुळीत करायचं.
मग बारीक कुंचल्यानं मत्स्य, कूर्म रेखायचे.
हात स्थिर व्हायला वेळ लागतो.
म्हणूनच घाईची सहल नको,
बिऱ्हाड करून राहा.

मात्र शिकवणी कधी असते,
याची चौकशी निघण्याआधी करा.
पुन्हा सांगते, निघण्याआधी करा.

आणि हो, कुडाळजवळ पिंगुळीलाही जा.
तिथले ठाकर कलावंत चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट, सादर करतात,
कळसूत्री बाहुल्याही नाचवतात.
मुलांना जरूर न्या.