थंडीतला रविवार आणि जवळचे डोंगर



डिसेंबर लागला की सांगलीच्या विश्रामबागेत पहाटे फिरायला निघणाऱ्यांच्या अंगावर स्वेटर चढतात, कानटोप्या बाहेर येतात. नेमिनाथनगरच्या मैदानावर फेऱ्या मारता मारता शुक्रवारपासूनच बोलणं सुरू होतं : या रविवारी कुठल्या डोंगरावर जायचं?

बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी राहणारी माणसं अशा वेळी स्नोबोर्ड घेऊन उतार गाठतात. या खेळाचा जन्म अगदी घरगुती. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या, आणि मुली त्यावर उभ्या राहून घराजवळच्या उतारावरून घसरू लागल्या. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानो इथे हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पोचला. आपल्याकडे त्यासाठी गुलमर्ग किंवा औली गाठावं लागतं. विश्रामबागेतून तो दोन दिवसांचा बेत होत नाही. सह्याद्रीचा मात्र होतो, आणि सह्याद्रीची थंडी नीट पाहण्यासारखी आहे.

महाबळेश्वरचंच घ्या. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा लेकच्या काठावर, लिंगमळ्याच्या गवतावर, उभ्या गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. दवबिंदू गोठून हिमकण झालेले असतात. गंमत अशी, की त्याच पहाटे गावात, उंचावर, पारा शून्याच्या बराच वर असतो. मग खाली बर्फ कसा? आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडून देते. ढगांचं पांघरूण नसल्यामुळे ती परत येत नाही. गार झालेली हवा जड होते, उतारावरून हळूहळू खाली सरकते आणि तळ्याकाठच्या सखल भागात साचून राहते. गवताचं पातं, गाडीचा पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त गार होतो, आणि त्यावर हिमकण धरतात. वारा सुटला किंवा ढग आले, की त्या दिवशी काही दिसत नाही.

ऊन चढताच हा थर विरघळतो. म्हणून सांगलीहून पहाटे निघून उपयोग नाही. शनिवारी रात्रीच मुक्कामाला पोचायला हवं. विल्सन पॉइंटचा सूर्योदय एखाद्या दिवशी हुकला तरी चालेल, पण वेण्णेकाठची अशी पहाट चुकवू नये. हिमकण पाहताना स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत मात्र कुणी शिरू नये. पर्यटकाला जे हिमकण हवेहवेसे वाटतात, त्यांनी कोवळी पानं-फुलं करपतात, आणि शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

ज्यांना उतारावरून झेपावण्याचीच ओढ आहे, त्यांच्यासाठी पाचगणी आहे. पावसाळा सरला की तिथे पॅराग्लायडिंगचा हंगाम सुरू होतो. स्नोबोर्डवाला बर्फावरून घसरतो, तसा हा उडणारा हवेतून घसरत खाली येत असतो. दिवसा उन्हाने कडे तापतात, त्यांना लागून हवा वर चढते, आणि तीच त्याला उचलून धरते. अर्थात शिकवणारा जाणकार असेल आणि वारा योग्य असेल, तरच पाय उचलावेत.

इतकं लांब जायचं नसेल, तर मिरज-पंढरपूर रस्त्यालगतचा दंडोबा अर्ध्या दिवसात होतो. झाडीतून चढत गेलं की डोंगराच्या पोटात कोरलेलं महादेवाचं मंदिर लागतं.

आणि सागरेश्वर! देवराष्ट्र्याजवळचं हे अभयारण्य सांगलीकरांनी अभिमानाने पाहावं असं आहे. एकेकाळच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर माणसांनी रोपं लावून हे जंगल उभं केलं. त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची अनेक वर्षांची धडपड आहे. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे अकरा चौरस किलोमीटरच्या या जंगलात सांबर, चितळ, काळवीट आहेत. थंडीत गवत वाळून पिवळं पडतं, आणि सकाळी लवकर गेलं तर चितळांचे कळप दिसण्याची शक्यता जास्त. माथ्यावर पोचलं, की खाली कृष्णाकाठचा हिरवागार ऊस पसरलेला दिसतो. अभयारण्याला जवळचं रेल्वे स्टेशन ताकारी. विश्रामबागचं स्टेशनही त्याच पुणे-मिरज मार्गावर आहे; तेव्हा या खेपेला मुलांना घेऊन रेल्वेनेच जायला काय हरकत आहे?