घरची चूल आणि मनाचे आरोग्य



देवापुढे गाऱ्हाणे घालताना निरोगी काया आणि घरची बरकत यांचे मागणे पूर्वापार एकत्रच केले जाते. त्यात मोठे शहाणपण आहे. तरीही मनाचा आजार म्हणजे पूर्वसंचित किंवा स्वभावाचा दुबळेपणा, अशी समजूत अनेक घरांत अद्याप टिकून आहे.

ऑस्ट्रियातील मारियेन्थाल गावची कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली. मारी याहोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकार कुटुंबांचा अभ्यास करून तो १९३३ साली प्रसिद्ध केला. हाताशी वेळच वेळ असूनही लोकांचे वाचन घटले. पुरुषांची चालही मंदावली. मजुरीबरोबर दिवसाची घडी, सोबत्यांचा सहवास आणि आपला कोणाला तरी उपयोग आहे ही जाणीवही गेली होती.

गोमंतकास हा अनुभव परका नाही. २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये येथील खाणकाम थांबले. त्यामागील कायद्याची व पर्यावरणाची कारणे गंभीर होती. परंतु डिचोली, सत्तरी, सांगे भागांत कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. असा प्रसंग ओढवलेला गृहस्थ आधी लग्नकार्ये टाळतो, मग वर्गणी राहिल्याच्या संकोचाने जत्रेलाही येईनासा होतो. झोप उडते, चिडचिड वाढते, कोणी दारूकडे वळतो. घरची स्त्री मुकाट्याने सोसत राहते.

यावर उपायही गोव्यातच आजमावला गेला आहे. 'संगाथ' संस्थेच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तींनी समुपदेशन केले. सरकारी आरोग्यकेंद्रांतील नैराश्याच्या व चिंतेच्या रुग्णांना त्याचा लाभ झाला. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस'चा विनामूल्य सल्लाही मिळतो.

महाजनांच्या वहीत वर्गणीची बाकी लिहिलेली असते. जत्रेला कोण आला नाही, याची नोंद नसते. पालखी दारावरून गेली तेव्हा ज्या घरून आरतीचे ताट आले नाही, त्या घरी उत्सवानंतर दोघा जाणत्यांनी जावे. बाकीचा विषय काढू नये. शांतपणे ऐकून घ्यावे, गरज दिसल्यास डॉक्टरांकडे सोबत करावी आणि कामधंद्याची वाट सुचवावी. तीही देवसेवाच होय.